शून्याहून शुद्ध

४ मार्च
पोचले एकदाची! बोटीत दोन दिवस ओकून ओकून आतडी गळ्याशी आली होती. पण आबाकोरोच्या वाळूवर पाय टेकला, कुणीतरी डोक्यावर फुलांचं कडं चढवलं, हातात शहाळं दिलं आणि सगळं विसरले.

गेल्या महिन्यात समुद्र बेटावर चढून विहिरींत शिरला. त्यात काय काय मिसळलं ते तपासायला मला राजधानी तारावाहून धाडलंय. सोबत तपासणीची डबी आहे, तिची दांडी पाण्यात बुडवायची. शिशासारखा विषारी धातू असला की आकडा दिसतो. मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, म्हाताऱ्यांची सभा भरली होती. त्यांच्यापुढे डबी उघडली, तर एकाने विचारलं, हिला जावई शोधता येतात का, घरी तीन मुली आहेत. सभा खो खो हसली. तेव्हापासून मी डबीवाली.

राहायला बिनडॉक्टरच्या दवाखान्याला लागून खोली. जेवण शेजारच्या रोतियाकडे. तिला पाचवा महिना आहे. नवरा तेबानो मासेमारी करतो, सासू नेई काएवा, म्हणजे काएवाबाई, गावची सुईण. आधीची दोन बाळं पोटातच गेली, हे रोतियाने मासे साफ करता करता सांगितलं. मग म्हणाली, हे तिसरं मला हवंय ग, कुठलं पाणी पिऊ ते तूच सांग. मी तिला शब्द दिला.

९ मार्च
रोज सकाळी डबीला आधी शुद्ध पाणी दाखवावं लागतं. ते तिचं शून्य. बाकीची पाणी ती त्याच्याशी ताडून बघते. माझी शुद्ध पाण्याची बाटली बोटीत फुटली, दुसरी पुढच्या बोटीने येणार, म्हणजे देव जाणे कधी. पण दवाखान्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं, गोड आणि नितळ. आमच्याकडे याहून शुद्ध काही नसतं. आई ते पाहुण्यांसाठी राखून ठेवायची. तेच शून्य धरलं.

२१ मार्च
सत्तावीस विहिरी झाल्या. सगळ्या खारट, पण विष नाही. गंमत म्हणजे डबी प्रत्येक विहिरीला वजा आकडा दाखवते. वजा नऊ, वजा नऊ, वजा आठ. शून्याहून शुद्ध! मला लागली तशी तिलाही बोट लागली असणार. वहीत सरळ शून्य लिहून टाकलं.

सभेला सांगितलं, गरोदर बाया, लहान मुलं आणि म्हातारे यांनी टाकीचंच पाणी प्यावं. सभेने टाकीची किल्ली मलाच दिली. केवढा मान! रोतियाच्या बाटल्या मी स्वतः भरते.

३० एप्रिल
पोटात मुरडा येतो. रोतियालाही. नेई काएवा म्हणते, शहरातल्या पोरींची पोटं म्हणजे ओली चटई, माझ्या सुनेला तुझाच वाण लागला. रोतियाला अन्न बघवत नाही, नीराही जात नाही. निदान पाणी तरी भरपूर पी म्हटलं. ती हसून म्हणाली, आता मीच टाकी झालेय, मलाच तोटी बसव.

२ जून
तीन म्हातारे अंथरुणाला खिळलेत. दोन लहान मुलांना आकडी आली, त्यातली एक मुलगी वाचली नाही. सभा म्हणाली, विहिरीच बाधल्या, टाकीचं पाणी दुप्पट द्या. मी दुप्पट दिलं.

रोतिया आज जांभई देत होती. तिच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ आहे. घरी येऊन आरशात बघितलं. माझ्याही आहे.

११ जून
ती रेघ शिशाची खूण असते. शिकताना चित्रात बघितली होती. पण विहिरीत शिसं नाही! पुन्हा तपासल्या. वजा दहा.

पाणी शून्याहून शुद्ध कसं असेल?

किटली उकळली. थंड झाकणावर वाफ धरून थेंब थेंब वाटीभर पाणी जमवलं. ते शून्य धरलं. विहीर: शून्य. मग टाकी.

टाकी: दहा. अर्धा आकडा ओलांडला तरी पिऊ नये असा नियम आहे.

तीन महिने मी विषाला शून्य म्हणत होते. ज्यांना जपायचं, त्यांनाच मोजून पाजलं. माझ्या हातांनी. देवा, ती लहान मुलगी.

१३ जून
कारण सापडलं. दवाखान्याच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून तेबानो तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो आणि जाळ्यांची वजनं ओततो. धूर छपरावर बसतो. पाऊस तो टाकीत आणतो. त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, शिसं रोज माझ्या जाळ्यासोबत समुद्रात असतं, मासे मरतात का?

सभेपुढे रडले, पाया पडले. नेई काएवाने एवढंच विचारलं: तुझी डबी तेव्हा खोटी होती की आता खोटी आहे? कुणी हसलं नाही.

रेडिओ पुरात गेला. बोटीचा पत्ता नाही.

१५ जून
रोतियाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे आजवर तू मला काय पाजलंस? तिने भिंतीकडे तोंड केलं.

विहिरीचं पाणी तिच्या पोटात ठरत नाही. खारट म्हणून ओकते. सासू पुन्हा टाकीचंच देते. किल्ली माझ्याकडून काढून घेतलीय.

२२ जून
उजवं मनगट लुळं पडलंय. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. डाव्या हाताने लिहितेय. डोकं फुटतंय.

२६ जून
दगडाने तोटी फोडली. भर दुपारी. पाणी वाळूत — किती वेळ वाहत होतं — माणसं ओरडत धावली. तेबानोने उचलून खोलीत आणून टाकलं. तापात वेडी झाली म्हणतात. म्हणू देत.

टाकी रिकामी झाली. रिकामी! रोतियाचं बाळ वाचेल.

१ जुलै?
भिंतीपलीकडे रोतियाच्या कळा — सकाळपासून —

नेई काएवा आत आली. केसांवरून हात फिरवला. म्हणाली, पोरी, तुझ्यावर राग नाही, तापाने तुझं डोकं फिरलं होतं. घाबरू नकोस. तू तोटी फोडलीस तेव्हा बाया भांडी घेऊन धावल्या. सात हंडे वाचवलेत. झाकून ठेवलेत. सगळे बाळासाठी —

ओरडले. आवाज नाही. जीभ जड. ती म्हणाली, हो हो, पड तू — गेली

रडलं! बाळ रडलं. जिवंत आहे. रोतिया हसतेय — इतक्या दिवसांनी —

काएवा मोठ्याने म्हणतेय, डबीवालीचं पाणी आणा, आधी त्याचे ओठ —

उठता येत नाही — दाराशी तरी — भिंतीवर डोकं आपटते, ऐकतील — हंड्याचं झाकण काढलं — नको — त्याला ते न