मागची दोरी

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की डोळे मिटतात आणि डोळे उघडले की चादरी दिसतात. आज बेकरीला सुट्टी, म्हणून एका हातात चहा आणि एका हातात पेन असं चाललं आहे. अक्षराला हसू नकोस.

अण्णा आहेत तसेच आहेत. उन्हाळ्यात पडले तेव्हा मोडलेलं हाड जुळलं, पण पाय काही उचलत नाहीत. जेवण बरं, बोलणं कमी. रात्री अंथरूण ओलं होतं, ते मात्र आता रोजचंच झालं आहे. मी चादर बदलतो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात आणि मी आपला बेकरीतलं काहीबाही बोलत राहतो, मालक मैद्यावरून कसा भांडला वगैरे. त्या विषयावर आम्ही दोघंही चकार शब्द काढत नाही.

उन्हाळ्यात याचं काही वाटलं नाही. सकाळी धुतलेलं मी दुपारी कामाला निघेपर्यंत खडखडीत वाळायचं. आता अंगणात ऊन येतं तेच उशिरा, आणि समोरच्या इमारतीमागे जायची त्याला माझ्याहून जास्त घाई. मी रात्री परत येतो तोवर सगळ्याला दवाची ओल धरलेली असते. हाताला लागतं ते ओलं आहे की नुसतंच गार, हे कळतच नाही. म्हणून गालाला लावून बघतो. परवा समोरच्या पार्लरवालीने मला दारातल्या दिव्याखाली चादर गालाला लावून उभं असलेलं पाहिलं. तुझ्या भावाचं लग्न का राहिलं, याचं कारण तिला आता सापडलं असेल.

तू म्हणशील, पुढच्या दोरीवर ऊन जास्त वेळ असतं, तिथे घाल. पण पुढची दोरी गल्लीवर आहे, आणि या गल्लीतली निम्मी माणसं शाळेत अण्णांच्या शिट्टीवर कवायत करून मोठी झाली. मळक्या कॉलरसाठी त्यांनी ज्यांना रांगेबाहेर काढलं, त्यांच्यासमोर अण्णांचीच चादर कशी टांगू? ती पार्लरवालीसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. म्हणून चादरी मागच्या दोरीवर, छपराखाली घालतो आणि पुढच्या दोरीवर माझे बेकरीचे अ‍ॅप्रन आणि खिडक्यांचे पडदे. पडदे मळलेले नसतात, तरी धुतो. पडदे छान वाळतात.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
धाकटा


ता. १६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. न मळलेले पडदे धुणारा माणूस आपल्या घराण्यात पहिलाच. आई असती तर तिने तुला त्याच पडद्यात गुंडाळून ठेवला असता.

आता नीट ऐक. चादर पिळल्यावर दोघांनी दोन टोकं धरून झटकायची असते. दुपारी अण्णांपाशी बसायला येतात त्या बाईंना मदतीला घे. दोरीवर दुमडून टाकू नकोस, काठाला चिमटे लावून पूर्ण लांब सोड, म्हणजे मधून वारा जाईल. छपराखाली वारा कुठून येणार? तुमच्या बेकरीत भट्टीच्या वरच्या खोलीत उबारा असतो ना, तिथे एखादी दोरी बांधू देतील का, विचारून बघ. आणि जाड चादरी बंद कर. मी जुन्या सुती चादरींच्या दुहेरी घड्या शिवून पाठवते आहे, त्या अण्णांच्या खाली घाल. ओल्या झाल्या तर तेवढ्याच बदलायच्या, सगळं अंथरूण उपसायला नको.

मी यायला हवं, कळतं मला. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अजून जिना एक एक पायरी करून उतरते, आणि शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे. मशीनवर बसले की गुडघा दुखतो, उठले की कंबर. तुझे भाऊजी म्हणतात, तुझा नुसता हातच धडधाकट आहे, तोही माझ्यावर उगारायला. असो.

अण्णांना सांग, मी विचारलं आहे. पोटभर जेव आणि झोप. ताईची आठवण नुसती चादरीपुरती काढू नकोस.

तुझी,
ताई


ता. ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घड्या मिळाल्या. फार उपयोग झाला. भट्टीच्या खोलीचं मालकाला विचारलं नाही. पावाच्या दुकानात आजाऱ्याच्या चादरी म्हटल्यावर उद्या गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे मलाही कळतं. कुचंबणा अशी, की तिकडे भट्टीपाशी माझा घाम निघतो आणि घरी एक चादर वाळत नाही.

आता वाईट बातमी सांगतो. गेल्या आठवड्यात दोन दिवस ऊनच पडलं नाही. जवळच्या सगळ्या चादरी ओल्या. एक त्यातल्या त्यात बरी वाटली, ती इस्त्री फिरवून अण्णांच्या खाली घातली. ती आतून दमटच होती. पाठीची कातडी सोलवटली, खोकला धरला आणि वर ताप आला. डॉक्टर येऊन गेले. लघवीत जंतू झाले आहेत म्हणाले, आणि ओल्या अंथरुणात म्हातारा माणूस ठेवतात का, म्हणून मला अण्णांसमोरच झापलं.

त्याच रात्री अण्णांनी तिसऱ्यांदा अंथरूण ओलं केलं आणि मी त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते लिहवत नाही. त्यांनी नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं. ताई, मी हात टेकले. बेकरीत दोन ट्रे करपवले, मालकाने घरी जा म्हणून सांगितलं, तर घरी जायच्या कल्पनेनेच मला धाप लागली.

डॉक्टरांच्या ओळखीची एक संस्था आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी. मी बघून आलो. स्वच्छ आहे. कपडे वाळवायचं मोठं यंत्र आहे, मी त्याच्यासमोर खुळ्यासारखा उभा राहिलो. कोरड्या, गरम चादरी एकावर एक रचलेल्या होत्या. एक जागा रिकामी आहे आणि ती फार दिवस राहणार नाही. थंडीपुरतं तरी अण्णांना तिथे ठेवावं, असं माझ्या मनात आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझा होकार असल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. लवकर कळव. रागावलीस तरी तुटू नकोस, इतकंच मागतो.

तुझा,
धाकटा


ता. ५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पहिलं पत्र रागाने लिहिलं आणि फाडलं. त्यात तुला बरंच काही सुनावलं होतं. फाडल्यावर वाटलं, बाई गं, तू चारशे गणवेशांची काजं करत बसली आहेस आणि तो तिकडे रोज अण्णांना उचलतो आहे. सुनावायचा अधिकार कुठून आणलास?

तेव्हा माझा हो आहे. तू आडवा पडलास तर दोघांचं कोण करणार?

फक्त एक कर. अण्णांना न सांगता नेऊ नकोस. ते काही पार्सल नव्हेत. समोर बसून सांग, चिडले तर चिडू दे.

आणि दुसरं, रागावू नकोस. त्या चादरी तू कोणापासून लपवतोस? अण्णांना लाज वाटेल म्हणतोस, पण त्यांना कधी विचारलंस का? मला तर वाटतं, अण्णांची लाज राखता राखता तूच त्या छपराखाली जाऊन बसला आहेस. उन्हात असत्या तर त्या केव्हाच वाळल्या असत्या. हे मी मागच्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण घड्या शिवणं सोपं गेलं.

स्वेटर घालून झोप. तुझ्या पत्राची वाट बघत असलेली,

ताई


ता. १२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो आणि मग शनिवारी सकाळी अण्णांसमोर बसलो. सगळं सांगितलं, संस्था, डॉक्टर, वाळवायचं यंत्र, तुझा होकार. त्यांनी ऐकून घेतलं. एवढंच विचारलं की त्यांच्या चादरी मी घालतो कुठे. खिडकीतून त्यांना इतके दिवस नुसते पडदे आणि अ‍ॅप्रन दिसत होते.

मी खरं ते सांगितलं. तर ते म्हणाले की त्यांना वाटत होतं, मला त्यांची लाज वाटते. मी म्हटलं, तुम्हाला वाटू नये म्हणून तर लपवत होतो. त्यावर म्हणाले, मी तुला असं कधी सांगितलं होतं?

पुढचं त्याहून कठीण. दुपारच्या बाई त्या दिवशी लवकर आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की आजोबा दुपारनंतर पाण्याला शिवतच नाहीत, कितीही आग्रह केला तरी. डॉक्टर म्हणाले होतेच की पाणी कमी पडल्याने जंतू वाढले. मी अण्णांना विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, एक चादर तरी कमी. हे ते अगदी हजेरी घेतल्यासारखं म्हणाले. मी उठून पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी आणून ठेवला.

मग त्यांनी हुकूम सोडला. खुर्ची दारात, चादर पुढच्या दोरीवर. त्यांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून खुर्चीत बसवलं. पार्लरवाली तिचे टॉवेल घालायला आली, तशी अण्णांनी तिला मैदानावरच्या आवाजात सांगितलं की ही चादर त्यांची आहे, रात्री आता असं होतं, आणि तिने टॉवेल जरा पलीकडे सरकवावेत. तिने चिमटे काढून टॉवेल सरकवले आणि म्हणाली की संध्याकाळी दव पडायच्या आत ती चादरी काढून घडी करून ठेवत जाईल, मी कामावरून येईपर्यंत कशाला थांबायचं? इतकं साधं होतं. मी महिनाभर पडदे धूत बसलो.

संस्थेला नको म्हणून कळवलं. तुझा होकार वाया गेला, पण बरं झालं ना? अण्णा पाणी पितात. पाठीवर खपली धरली आहे. काळजी करू नकोस. पेंग येते आहे, एवढ्यावरच थांबतो. आहेस तशीच माझ्या मागे उभी राहा.

तुझा,
धाकटा


ता. १९ डिसेंबर

चि. ताईस,
अ. उ. आ.

छातीवर पाटी ठेवून लिहितो आहे. अक्षर चालवून घे. धाकटा कामाला गेला आहे. पत्र पार्लरवाली पेटीत टाकेल.

त्याने तुला सगळं छान असल्याचं कळवलं असणार. चादरी वाळतात, हे खरं आहे. पण चादर वाळली म्हणून रात्रीचं उठणं चुकत नाही. मी पाणी पितो, त्यामुळे ते वाढलंच. पंधरा वर्षांचा असताना याला धावण्याच्या शर्यतीत पडताना पाहिलं होतं. पडायच्या आधी त्याचं तोंड जसं झालं होतं, तसं ते हल्ली रोज असतं.

परवा पहाटे चादर बदलायला आला. गुडघे टेकून एक टोक खोचलं आणि डोकं माझ्या पायांवर ठेवून तिथेच झोपला. मी पाय हलवला नाही. हलवता येतही नाही. उजाडेपर्यंत तो तसाच होता आणि मी ओल्यातच होतो. हाक मारली नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हात तिथपर्यंत पोचेना.

मी त्या संस्थेत जाणार आहे. मला कोणी पाठवत नाही. मी जातो आहे. डॉक्टरला जागा धरून ठेवायला सांगितलं आहे. तोही माझ्याच शाळेतला, नाही म्हणाला नाही. मला तिथे जायची हौस नाही, हे तुला सांगून ठेवतो. त्याला सांगणार नाही.

एकट्याने सांगितलं तर तो ऐकणार नाही. त्याला वाटेल, मागे ओरडला त्याचा राग धरून चाललो. म्हणून तू ये. गुडघा सांभाळून, जावयांचा हात धरून ये, पण ये. दोघं मिळून सांगू. तो चिडेल. मग रडेल. रडू दे. लहानपणी रडून झालं की त्याला गाढ झोप लागायची, तू मांडी द्यायचीस. त्याच दिवशी, तो झोपेत असताना, संस्थेची गाडी आली की तिथले लोक मला उचलून नेतील. त्याला उठवू नका.

तुझा लोभ मला नव्याने मागायला नको. वाट बघतो.

अण्णा