निळा कप आणि तीन नंबरचा भोंगा

३ तारीख, सकाळी साडेनऊ
नीतीचा संपूर्ण लोप. ऑफिसातल्या माझ्या निळ्या कपातून पुन्हा कुणीतरी चहा प्यायलं. तळाशी बिस्किटाचा चिखल. 'सुरक्षा अधिकाऱ्यांचा कप. वापरू नये' अशी चिठ्ठी लाल अक्षरांत चिकटवली. विषय संपला.
दुसरं किरकोळ काम: अणुइंधन साठवायच्या तीन नंबरच्या खोलीत धोक्याचा भोंगा हवा की नको, यावर अहवाल.

४ तारीख
कप उष्टा. चिठ्ठी शाबूत. म्हणजे चोर निरक्षर आहे.
साहेब म्हणाले, भोंगा उगाचच वाजतो, सगळे बाहेर पळतात, काम बोंबलतं. तुमच्यासारख्या विद्वानानेच निकाल लावावा. 'विद्वान' दोनदा म्हणाले.

६ तारीख
खोली पाहिली. माझा मेव्हणा तिथेच हातगाडीवरून पिंपं हलवतो. दोन पिंपं फार जवळ आली तर किरणांचा भडका उडू शकतो. डोळ्यांना दिसत नाही; भोंगा ऐकून पळालं तरच माणूस वाचायची आशा. पण जमिनीवर पिवळे पट्टे आहेत, भिंतीवर पाटी आहे: पट्ट्याबाहेर पिंप ठेवू नये. एवढं स्वच्छ लिहिल्यावर ठेवील कोण? शक्यता काढली. दहा लाख वर्षांत एकदा. शून्यवत्. भोंगा अनावश्यक. सही झोकदार आली.
मेव्हणा म्हणाला, भाऊजी, शिफ्ट सुटायच्या वेळी पट्टे कुणाला दिसतात हो? हसण्यावारी नेलं. हिच्या माहेरचे सगळे शंकेखोर.

९ तारीख
कप उष्टा. चिठ्ठीचं अक्षर दुप्पट केलं. लवकरच पाळत ठेवणार.

११ तारीख
भोंगा उतरवला. साहेबांनी स्वतःहून हात मिळवला.

१२ तारीख
विश्वासघात. मेव्हण्याने बदलीचा अर्ज दिला. कारण: भोंगा नसलेल्या खोलीत भीती वाटते. याला नोकरीला चिकटवला कुणी? मी. घरी येऊन हे सांगितलं तर ही शांतपणे म्हणाली, ठाऊक आहे, मजकूर मीच सांगितला. पंचवीस वर्षांचा संसार, आणि घरातच फितुरी. निश्चय: दोघांशीही अबोला. सहा वाजता चहा मागावा लागला. अबोला उद्यापासून.

१५ तारीख, दुपारी
कपाटामागे उभा राहून चोर पकडला. मेव्हणा. माझ्या सहीसाठी रोज नोंदवही घेऊन येतो, तेव्हा पितो. घणाघाती भाषण तयार होतं. आधी फक्त विचारलं, चिठ्ठी दिसत नाही का. त्याने कप फिरवून पहिल्यांदाच ती वाचली. ओशाळला. म्हणाला, भाऊजी, घाईत हाताला येईल तो कप उचलतो, वाचत कोण बसतंय.
भाषण राहिलंच.

१६ तारीख
अर्ज नामंजूर. शेरा: 'सुरक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालानुसार सदर खोलीत धोका नाही.' अहवाल परत मागायला गेलो. साहेब म्हणाले, सही तुमचीच ना? या वेळी 'विद्वान' म्हणाले नाहीत.

१६ तारीख, पावणेपाच
कपावरची चिठ्ठी काढली.
पाचला शिफ्ट सुटते. तो आत्ता शेवटची पिंपं लावत असेल. माझ्या दहा लाख वर्षांच्या हिशेबात तो एकदाही घाईत नाही. मला भीती वाटते आहे.