मुंगीचं वाक्य

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच). तुझा बसलेला घसा मोकळा झाल्याचं कळलं. आनंद झाला. भावोजी कसे आहेत? आठवडाभर त्यांची तब्येत फारच सुधारली होती म्हणे.

इकडे आमची मुंगी (लेक पहिलीत गेली तरी हेच नाव चिकटलंय) बोलताना अडखळते, हे तुला ठाऊक आहेच. आता शाळेने कळवलं की हिला वाचताही येत नाही, पुन्हा पहिलीतच बसवावी लागेल. घरात सुतक पडलं. मग बोलण्यातली अडचण सोडवणाऱ्या एक बाई घरी आल्या. त्यांनी मुंगीला विचारलं, तुला काय आवडतं? मुंगीने "म" म्हणून ओठ मिटले मात्र, आपल्या आईने "मांजर" म्हटलं, बायकोने स्वयंपाकघरातून "मामा" आणि मी "मासे". वर कोणाचं बरोबर यावरून आमची जुंपली. (आपल्या घरात ज्याचं वाक्य त्यानेच संपवल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नाला होकारसुद्धा तूच दिलास.) बाईंनी शांतपणे पाणी मागवलं आणि आम्हा तिघांना घोटभर तोंडात धरून बसवलं. गिळायचं नाही. आई दोनदा गिळून बोलली, तेव्हा तिला मोठा पेला मिळाला. आमचे फुगलेले गाल बघून मुंगी खुदकन हसली आणि थांबत थांबत म्हणाली, "म-मला वाचता येतं. पण वर्गात माझी पाळी आली की बाई पु-पुढच्याला उठवतात." ताई, मला भडभडून आलं. तोंडातलं पाणी बाईंच्या उघड्या पर्समध्ये गेलं.

वर्गाच्या बाई तशा वाईट नाहीत. पोरीची फजिती नको म्हणून दयेनेच वगळत होत्या. आता सोमवारी तिचं वाचन शेवटपर्यंत ऐकून मग ठरवणार आहेत.

भावोजींना नमस्कार. ते काही बोलले तर कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. मुंगीला रविवारी तुला फोनवर धडा वाचून दाखवायचाय. तूच का, असं विचारलं तर म्हणाली, "आत्या सगळ्यात जास्त मध्ये बोलते. तिच्यापुढे जमलं तर कु-कुठेही जमेल."

आणखी एक. मला त्या वेळी खोलीबाहेर थांबायचा हुकूम आहे, म्हणून आत्ताच सांगतो. फोन मध्येच शांत झाला तर तुटला समजून ठेवू नकोस. ती तिथेच असते, पुढच्या शब्दापाशी.