चाचे की आरमार

१८ ऑगस्ट, फुनाबोरी
परतीचं विमान ५ सप्टेंबरचं. केतकी ऑफिसला, जावई कामासाठी सेंदाईला. घरात मी आणि मिही. नातीचा सुट्टीतला अभ्यास अजून तसाच पडलाय. इथल्या जपानी शाळेत सुट्टीत मुलांनी आपला आपण विषय निवडून शोधायचा, मोठ्या कागदावर मांडायचा, मग वर्गापुढे सांगायचा. हिने काय निवडावं? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं आरमार कसं सुरू झालं! बारा वर्षांची पोर. "सगळे मुंग्या आणि व्होल्केनो करतात, आजी. बोअर."
मला इतका आनंद का व्हावा? माहेर कोकणातल्या रेवदंड्याचं म्हणून असेल. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला.

२० ऑगस्ट
लायब्ररीतून पुस्तकं आणली. एक इंग्रजी, माझ्यासाठी. मी वाचून सांगते, ती जपानीत लिहिते, मधली भाषा आमची खिचडी. इंग्रजांनी तिथल्या कोळ्यांची मासेमारीच बंद केली. होड्या किनाऱ्याला, माणसं रिकामी. मग अमेरिकनांच्या सेनापतीने त्यातल्याच काही भाड्याने घेतल्या, बाजूंना भोकं पाडून तोफा बसवल्या. बंदुकीची दारू जेमतेम. ती शत्रूच्या जहाजांवरूनच मिळवायची.
"म्हणजे माशांचा वास येणाऱ्या वॉरशिप्स?"
"येतच असणार. मुरलेला वास जातोय कुठे!"
"पण हे चोर नाहीत का? दुसऱ्याचं शिप घेतात."
"इंग्रज तेच म्हणत. चाचे."
"पण जनरलचं लेटर होतं त्यांच्याकडे. लेटर असलं की नेव्ही." आणि मोकळी झाली.
मी दुपारभर या खोलीतून त्या खोलीत.

२३ ऑगस्ट
न राहवून कोकणच्या आरमाराचं सांगितलं. गुराबा, गलबतं, अशी त्यांची जहाजं. परवाना नसलेलं जहाज धरायचे, मग ते इंग्रजांचं का असेना. इंग्रजांनी त्यांनाही चाचेच ठरवलं. पोस्टरवर एक कोपरा त्यांना दे, म्हटलं. जेवताना केतकीच्या कानावर गेलं.
"आई, तिला कन्फ्यूज करू नकोस. वर्गाच्या सेन्सेईंनी एकच विषय घ्यायला सांगितलाय."
"एक कोपरा गं फक्त."
"तुझा कोपरा माहितीये मला! माझ्या लग्नात 'आपली चार माणसं' म्हणून अख्खा रेवदंडा बोलावला होतास."
हसले. पण लागलं.

२६ ऑगस्ट
आज मिहीला सांगून टाकलं. कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमध्ये होते, तिच्याच वयाची. इतिहासाच्या पेपरात कोकणच्या आरमाराबद्दल लिहिलं होतं, समुद्रावर लूटमार करणारे चाचे. सिस्टरनी लाल शाईत शाबासकी दिली. नारळी पौर्णिमेला घरी गेले तेव्हा मिरवत वडिलांना, अण्णांना, दाखवलं. आमचं घर जहाज हाकणाऱ्या तांडेलांचं. आरमारात गेलेल्या पूर्वजाच्या नावाचा नारळ त्या दिवशी वेगळा निघायचा. अण्णांनी दोनदा वाचलं, घडी घातली. "अक्षर सुंदर आहे तुझं." एवढंच. संध्याकाळी तो नारळ पहिल्यांदाच माझ्या हाती दिला. मी समुद्रात सोडला. मला का दिला, ते विचारलं नाही. पुढेही कधी नाही.
मिहीने नीट ऐकलं.
"मार्क्स किती?"
"पूर्ण."
"मग आन्सर बरोबरच होतं ना!"
सिस्टर वाईट नव्हत्या. ताप आला की उशाशी बसायच्या त्याच. पुस्तकात होतं ते त्यांनी शिकवलं, मी पाठ केलं. पण ही जर वर्गात तेच सांगून आली...

२९ ऑगस्ट
पोस्टर जवळजवळ झालं. तोफा, होड्या, पाइनचं झाड असलेलं निशाण. उजवीकडे खाली वीतभर जागा कोरी. विचारायचं नाही, असं ठरवलं. बाल्कनीतले कपडे तीनदा चाचपून आले. शेवटी तीच आली, पेन्सिल चावत.
"आजी, तुमच्या लोकांकडे लेटर होतं?"
"त्यांना छत्रपतींनी नेमलं होतं. आणि परवाने तर हेच द्यायचे, दुसऱ्यांच्या जहाजांना."
"देणारे? घेणारे नाही?" पेन्सिल कानामागे खोचली. "पण क्लासमध्ये पायरेट्सच सगळ्यांना आवडतात. नेव्ही बोअर असते."
मी पुन्हा बाल्कनीतल्या कपड्यांकडे.

४ सप्टेंबर
आज वर्गात पालकांना बोलावलं होतं. चपला काढून, पाहुण्यांच्या सपाता घालून मी आणि केतकी मागे उभ्या. कोपरा भरलेला! छोटंसं गलबत, खाली जपानीत तीन ओळी. मान कितीही लांब केली तरी मला काय वाचता येणार? मिही भराभर बोलत होती. नेमकी कोपऱ्यापाशी आली आणि केतकीला ऑफिसचा फोन. ती बाहेर. एका मुलाने हात वर करून काही विचारलं. मिहीने माझ्याकडे हात करून उत्तर दिलं. अख्खा वर्ग मागे वळला. पुढची चष्मेवाली मुलगी किंचित वाकली. मीही वाकले. कशाबद्दल, देव जाणे.
येताना विचारलं, "काय सांगितलंस गं?"
"तेच. तुझं."
"चाचे की आरमार?"
"लिहिलंय ना, आजी!" आणि दप्तर उडवत पुढे पळाली.

५ सप्टेंबर, विमानतळ
बॅगा गेल्या. मिही शाळेत, सकाळी गळ्यात पडली, त्या विषयावर अवाक्षर नाही. मीही काढला नाही. कोपऱ्याचा फोटो फोनमध्ये आहे. केतकी शेजारीच बसलेली. तीन ओळी वाचायला तिला अर्धं मिनिट लागेल. फोन दोनदा काढला, दोनदा पर्समध्ये ठेवला.
"आई, काही हवंय का? चुळबुळ चाललीये नुसती."
"पाणी," म्हटलं.
आणायला गेली आहे. दुकानात रांग दिसते. ती येईपर्यंत ठरवायचं, तिच्याकडून वाचून घ्यायचं की त्या नारळासारखं हेही न विचारता सोडायचं.