रूपालीचा उजवा खुबा

१४ डिसेंबर
निषेध! घरातली हात असलेली एकुलती खुर्ची जप्त झाली आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या कन्येने खाली मांडी घालायची नाही, म्हणून पांढुर्ण्याचा वार्ताहर आता सतरंजीवर बसून बातम्या लिहितो. रूपाली म्हणते, "बाबा, ऋषी जमिनीवरच बसत ना?" वर शास्त्राधार!

१८ डिसेंबर
सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे तिच्या उजव्या खुब्याला रक्त पोचेना. हाड आतून मरू लागलं. पोळ्यानंतर नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढली, त्यातल्या पेशी वेगळ्या करून मेलेल्या भागात सोडल्या. आयुर्वेदाच्या पाठशाळेत आम्ही घोकलं: आधी अस्थी, मग अस्थीपासून मज्जा. यांनी गाडी उलटी हाकली. डॉक्टर म्हणाले, "हाड धरेलच असं सांगत नाही. खुब्याचा गोळा खचायच्या आत आणलंत, म्हणून प्रयत्न तरी करता येतो." खोटा धीर न देणाऱ्या माणसाचे उपकार फार.

२४ डिसेंबर
रामाकोन्याहून ताई आली, रडवेली. "जामसावळीच्या मारोतीले नवस बोलून बसली न रे मी. पोरगी सौंसरहून पायी येईन म्हणून." पंचाईत. त्या पायावर पूर्ण भार द्यायला अजून बंदी.
रूपाली म्हणाली, "आत्या, तुझा मारोती सोताच लेटून राहिला. त्याले समजते."
ताई हसली (तिथली मूर्ती खरंच आडवी आहे), मग निकाल दिला : "बापानं जावं. बापाचे पाय चालते."

२७ डिसेंबर
सौंसरहून पायी गेलो. नवस ताईचा, फोड माझे. वाटेत ओळखीच्या भगवंतरावांनी त्यांच्या संत्र्याच्या बागेतून हाक मारली, "काय पत्रकारसाहेब, बातमी पायी शोधून राहिले का?" कारण सांगितलं. त्यांनी पिशवीभर संत्री हातात दिली.

९ जानेवारी
नागपूर. नवा एमआरआय. गोळा खचला नाही, मेलेला भाग आक्रसला. डॉक्टर म्हणाले, "आता पूर्ण भार देऊ द्या." सुचिताने दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांना संत्री वाटली, पहारेकऱ्यालासुद्धा. लग्नानंतर बायकोला इतकी उधळी प्रथमच पाहिली.

१० जानेवारी
रूपाली अंगणात चालली. कुणाकुणाचे आभार मानू?

२२ जानेवारी
नागपूरला शिकवलं होतं, पायरी चढताना चांगला पाय आधी. इतके दिवस ती डावा आधी टाकायची. आज उजवा टाकला. सुचिताला आनंदाने सांगायला निघालो, आणि थांबलो.
"डावा दुखून राहिला का?"
"थोडासाक. आईले नका सांगू."
नाही सांगितलं. आजार रक्तात आहे, तो कुठे गेला? मला डाव्या खुब्याची भीती वाटते.