खालच्या दोन खोल्या

प्रिय भिंगरी,

परवाच तू फोनवर विचारलंस, आजी, हातपाय धड आहेत ना? धड आहेत. मग हे पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईलच. सांगते, जरा दम धर. अक्षर तुझ्या बाबाचं, सांगणारी मी. त्याला बजावलंय, मी सांगेन तसंच्या तसं लिही, मध्येच स्वतःची अक्कल पाजळू नकोस. हे वाक्य तुला वाचायला मिळालं, तर समज, लेक अजून कह्यात आहे.

गेला महिनाभर माझ्या पोटात गोळा बसलाय. घास खाली उतरत नाही. डॉक्टरकडे जाऊन आले, पण गोळ्यासाठी नव्हे, दाखल्यासाठी. म्हातारी शुद्धीवर आहे, तिला सगळं समजतं, असा दाखला हवा होता. त्याने मला वार विचारला, नातवंडं किती ते विचारलं, शंभरातून सात वजा करायला लावले. मी म्हटलं, बाळा, तुझ्या कोटाची कॉलर उलट्या अंगाने इस्त्री केलीय, ते तुला समजलंय का? कॉलर चाचपत त्याने सही केली.

दाखला मागितला सल्लागारबाईंनी. कुणाला काही दान द्यायचं असेल तर ते कसं द्यावं, हे सांगायचं त्यांचं काम. मला वाटायचं, द्यायला कसली आलीय अक्कल? हात पुढे केला की झालं. मी तर साठवलेले पैसेही द्यायला निघाले होते. बाई म्हणाल्या, थांबा आजी, आधी तुमच्या आजारपणाचं बाजूला काढा, उद्या लेकापुढे हात पसरलात तर ते दान कसलं? मग म्हणाल्या, मृत्युपत्र केलंत तर मन बदलायला वाव राहतो, पण तुमच्यामागे कुणीही उठून म्हणेल, बाईला वाचता येत नव्हतं, फसवलं तिला. बक्षीसपत्र केलंत तर दिलं ते दिलं, आणि मरेपर्यंत तिथे राहायचा-वावरायचा हक्क त्यातच लिहून ठेवता येतो. मी म्हटलं, म्हणजे खोल्या त्यांच्या आणि खाट माझी. हसल्या.

हो, खोल्या. खालच्या दोन्ही, जिथे चाळीस वर्षं मी इस्त्री फिरवली. समोरच्या रुग्णालयात पेशंटबरोबर आलेल्या माणसांची सोय बघणारी संस्था आहे ना, तिला द्यायच्या. अंघोळीला, कपडे धुवायला, घटकाभर पाठ टेकायला.

तुझे आजोबा तिथे एकोणीस दिवस होते. मी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून असायचे. मला अक्षर वाचता येत नाही, पण चुणी वाचता येते. पाठीवर आडव्या चुण्या म्हणजे बाकावर दोन दिवस. गुडघ्यामागे घट्ट बसलेल्या म्हणजे आठवडा. एका बाईच्या कपड्यांना तर चुण्याच नव्हत्या. मला कोडं पडलं. मग कळलं, ती तिथल्याच नळावर कपडे धुवायची आणि ओलेच अंगात घालायची. अंगावर वाळायचे. तिची मुलगी आत होती. भिंगरी, आपलं दुकान रस्त्यापलीकडे, किल्ली माझ्या कमरेला, आणि मी तिला चल म्हटलं नाही. माझं मलाच पडलं होतं. एके दिवशी ती दिसेनाशी झाली. किल्ली अजून टोचते.

आता गोळ्याकडे येते. तुझा बाबा तीन महिन्यांनी निवृत्त होतोय आणि त्याला खाली वह्या-पेनांचं दुकान काढायचंय. मला कधी बोलला नाही, तुझ्या आईला बोललाय. भिंती तेवढ्या ऐकतात असं त्याला वाटतं. गेल्या महिन्यात खाली गेले तर हा टेप लावून भिंत मोजतोय. फळ्यांसाठी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, किती नीट, एका रेषेत. मला विचारलं, आई, उंची बरोबर वाटते का? आणि मी काय म्हणावं? जरा खाली घे, माझा हात पुरायला हवा. अशी मी लबाड. त्या दिवसापासून गोळा आहे. बाई दर खेपेला विचारतात, लेकाला सांगितलंत? मी म्हणते, आज नक्की. चार खेपा झाल्या. शेवटी त्या म्हणाल्या, आजी, कागद मी पक्का करून देईन, पण तुमच्यामागे त्याला हे कागदातून कळलं तर ते दुखणं माझ्या कुठल्याही कलमात बसणार नाही.

आता तुझ्या बाबाचं पेन थांबलंय. चष्मा पुसतोय. स्वच्छ होता, मघाशी मीच पुसून दिला. लिही रे राजा. वरचं घर तुझंच आहे. आणि तू चिडलास तरी मी तुझीच आई आहे.

फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण मग हे त्याला सांगायचं राहूनच गेलं असतं. त्याच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून त्याच्याच हातून तुला सांगितलं. त्याने खरंच काय लिहिलं, मला काय कळणार? पाऊसपाण्याची खबर लिहून पाकीट चिकटवलं असेल तरी मी खूशच होणार. तेव्हा एवढं कर. पत्र पोचलं की फोन कर आणि वरपासून खालपर्यंत मला वाचून दाखव. त्यात ती ओल्या कपड्यांची बाई असली, पेन्सिलीच्या फुल्या असल्या, तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी जाऊन बक्षीसपत्रावर अंगठा देईन. नसल्या, तर अंगठा माझ्यापाशीच राहील, आणि त्याला मी कधी काही विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

तुझीच,
फोनपाशी बसलेली आजी

ता. क. हे आईने सांगितलेलं नाही. वाचताना घाई करू नकोस. तिचा डावा कान हल्ली कामातून गेलाय. फोन मी तिच्या उजव्या कानाला धरेन.