करंगळी मुडपून उठवलेला पंजा

दस्तगीरचाचा,

सलाम म्हणू का रामराम, कळंना. हयात हुतासा तवा दोन्ही म्हणायचो, आन् तुमचं उत्तर एकच, "काय डावऱ्या, आज कुणाचं धोतार सोडलंस?"

आज तुमचा चाळिसावा झाला. समदी पेठ जेवून गेली. मी हात धुवून सटकतच हुतो, तवर चाचीनं हाक मारली आन् तुमचं चुन्याचं गाडगं माझ्या हातात ठेवलं. "जाताना सांगून गेल्यात, ह्ये डावऱ्याला दे. त्येचा हात बसलाय," म्हणाली. तिला बिचारीला काय ठावं! मी तिथंच मेलो की वो चाचा. तिच्याम्होरं तोंड उघडंना, म्हणून ह्ये लिवतोय. डाव्या हातानं लिवतो म्हणून मास्तरनं मला तिसरीतनं हाकललेलं, तवा अक्षर असलंच हाय. चालवून घ्या.

तुमी पिंजारी. गाद्या पिंजायच्या, उशा भरायच्या. पलेगात घरोघर फिराय तुमाला कुणी सांगितलं हुतं? सरकारी माणूस आला की बाया मेलेला उंदीर परसात पुरायच्या आन् "न्हाय बा, आमच्यात काय न्हाय" म्हणायच्या. पर तुमाला मातूर हाक मारून बोलवायच्या, "चाचा, उंदीर पडला वो!" तुमी येणार, बघणार, दारावर चुन्याचा पंजा उठवणार. पंजा उठला की घर सोडून माळावरच्या झोपडीत जायाचं. जात्यापासनं पाळण्यापातूर सामान तुमीच डोस्क्यावर न्यायचासा. उजव्या हाताची करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात गेलेली, म्हणून पंजा चारच बोटांचा. लोकांचा सरकारपेक्षा त्या चार बोटांवर इस्वास.

आन् म्या त्येचीच थट्टा केली.

आमच्या तालमीसमोरचा किराणावाला तात्या. आमी शड्डू ठोकला की "रेड्यांनो, गप ऱ्हावा की!" म्हणून अंगावर पाणी वतायचा. एकदा दुपारी त्यो घोरत पडलेला. तुमी शेजारच्या शिदू सुताराकडं पाणी प्याय गेलता, गाडगं कट्ट्यावर. म्या बुचकळला हात, करंगळी मुडपली आन् तात्याच्या काळ्या दारावर ठाप! कसला उठला, चाचा! तालमीत जाऊन पोट धरून हसलो.

तात्या जागा झाला, बघतोय तर दारावर पंजा! बोंब ठोकली. मला वाटलं, नुस्ता नाचंल. पर त्येची सून बाळंतीण, नऊ दिसाचं पोर. समदं लटांबर तसंच उनातनं माळावर पळालं. मग तुमी आलासा. दाराफुडं हुबं ऱ्हाऊन पंज्याकडं बघितलासा. अंगठा उजवीकडं, म्हंजे हात डावा! पेठंत डावरा हाय कोण माझ्याबिगर? तुमी एकदा तालमीकडं नजर टाकलीसा आन् माळाकडं पळालासा. त्येस्नी माघारी आणलासा, त्यांची बोचकी तुमच्याच डोस्क्यावर.

"कुठं घावला उंदीर?" तात्या वरडला.

"घावला न्हाय, तात्या. माझा हात चुकला."

"हात चुकला? वली बाळंतीण उनात काढली आन् हात चुकला? म्हातारा झालास की रं!"

तुमी पंजा पुसाय गेलासा तर त्येनं तुमचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. पेठंला दिसू दे तुझी चूक."

घरला जाताना तालमीच्या दारात थांबलासा. "डावऱ्या, चुन्यानं कातडं उलतं बघ. खोबरेल लाव." बास. एवढंच!

चाचा, एक थोबाडीत द्यायला काय झालतं? कान धरून तात्याच्या पायावर का घातलं न्हाईसा मला? तुमी मारलं असतंसा तर म्या कबूल तरी केलं असतं. मार पडला न्हाय म्हंजे सुटलो, असं वाटलं मला. तेल लावलं आन् वर भाकरी खाल्ली.

पंधरा दिस झालं नसतील, शिदू सुताराच्या घरात उंदीर पडला. ह्या बारीला खरा. तुमी पंजा उठवलासा. शिदू हसला. "आता माझं दार व्हय, चाचा? परत चुकला असंल हात. बघू की चार दिस." तुमी पाया पडलासा त्येच्या. त्यो हलला न्हाय. आदी बायकू गेली, मग त्यो.

दोघं तापानं पडली हुती तवा त्या घरात पाणी द्यायला कोण शिरंना. तुमी शिरलासा. तिसऱ्या दिशी तुमच्या काखंत गाठ आली.

मी आलतो, चाचा. तुमच्या झोपडीच्या दारापातूर आलतो. पावलं वाजली तशी आतनं हाक आली, "कोण हाय? डावऱ्या हाय का रं?" एक 'व्हय' तोंडातनं निघंना. पळालो. तुमी काय म्हणणार हुतासा? का मीच कायतरी म्हणावं म्हणून वाट बघत हुतासा?

आज पंगतीत तात्या म्हणाला, "देवमाणूस. पर शेवटाला हात चुकायचा." आजूबाजूची माना हलवाय लागली. मीबी हलवली! तुमच्याच घरचं जेवण पानात, आन् म्या मान हलवली.

त्यो पंजा अजून तात्याच्या दारावर हाय. उद्या सकाळी पेठ दुकानाम्होरं जमली की मी त्येच्यावर माझा डावा हात ठेवणार, करंगळी मुडपून. कसा बरूबर बसतोय त्ये समद्यांस्नी दावणार. मग शिदूच्या दारावरचा तुमचा पंजा दावणार, अंगठा डावीकडं असलेला. चाचाचा हात कधीच चुकला न्हवता, ह्ये माझ्या तोंडानं सांगणार. मार पडंल. तात्या तर उखळातलं मुसळ घिऊनच येईल. येऊ दे. चाचीला मातूर आदी घरात जाऊन सांगतो. गाडगं तिच्याम्होरं ठेवतो. तिनं परत दिलं तरच उचलीन.

दिलं तर तुमच्यासारखाच फिरीन. माझ्या पंज्यावर कोण इस्वास ठेवणार, ठावं न्हाय. न्हाय ठेवला तर पाया पडीन, लोकांची जाती-पाळणं वाहीन. पर पंजा उठवीन त्यो पाच बोटांचा, चाचा. करंगळी मुडपणार न्हाय.

व्हय चाचा, मीच हाय. दारात हाय.

तुमचा
डावऱ्या गणपा